सहा पत्र्यांचा बैल

लोक म्हणतात, अमक्यानं आयुष्यात माणसं उभी केली. मी बैल पाडले. पाडून त्यांच्या पायांना लोखंड ठोकलं आणि परत उठवून रस्त्याला लावलं. या धंद्याला नालबंदी म्हणतात. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून मंडळी घरी आली तेव्हा मी त्यांना म्हणालो, "नालबंदाचं लिहिलेलं वाचणार कोण? ज्यांना कळलं असतं ते बैल होते." ते हसले, कोरे कागद ठेवून गेले. कागद वाया घालवायची मला सवय नाही, म्हणून लिहितोय.

माझा ठिय्या पुणे-नाशिक रस्त्यावर, मोशीच्या पुलाच्या अलीकडं होता. एक करंजाचं झाड, बाभळीच्या चार खांबांवर पत्रे टाकलेली झोपडी, आत भट्टी, भाता, ऐरण आणि पत्र्यांची, म्हणजे बैलांच्या नालांची, पोती. पुढं रस्ता, शंभरेक पावलांवर इंद्रायणी, आणि मागं एक ओढा, जो आठ महिने कोरडाच असायचा. जागा आमच्या नावावर नव्हती. माझा बाप तिथं बसला म्हणून मी बसलो, एवढाच हक्क. पन्नासच्या दशकात एका श्रावणात हा ठिय्या पुरात गेला. आधी धंदा काय ते सांगतो, म्हणजे काय गेलं ते कळेल.

शेतातल्या मऊ मातीत बैलाला पत्री लागत नाही. खूर झिजतो तेवढा वाढतो. पण डांबरी सडकेवर भरली गाडी ओढायला लागली की खूर वाढण्याआधीच झिजतो, आतलं नाजूक उघडं पडतं आणि बैल लंगडतो. त्या काळात पिंपरीकडं कारखान्यांची बांधकामं निघाली होती. विटा, वाळू, खडी सगळं बैलगाडीनं जायचं. उलट्या दिशेनं चाकणच्या बाजाराला कांद्याच्या, बटाट्याच्या गाड्या. लोक म्हणायचे, सडकेनं गावाचं वाटोळं केलं. माझं मात्र त्या डांबरानंच पोट भरलं.

घोड्याच्या पायाला एक नाल. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पातळ पत्र्या, चार पायांना आठ. खिळा खुराच्या बाहेरच्या कडेनं तिरपा काढायचा. तिथं जीव नसतो, आपल्या नखाच्या टोकासारखं असतं. गव्हाच्या दाण्याएवढा आत सरकला की बैलाला लागतो आणि मालक तुम्हाला आठ गावांत बदनाम करतो.

घोडा पाय उचलून देतो. बैल देत नाही, म्हणून त्याला पाडायला लागतं. पाडणं म्हणजे ढकलणं नव्हे. दोर मानेत अडकवायचा, एक वेढा छातीमागून, एक पोटावरून, आणि शेवट मागून सावकाश ओढायचा. दोन्ही वेढे एकदम आवळतात आणि एवढं मोठं जनावर दमल्यासारखं गुडघे मोडून खाली बसतं. मग कुशीवर घ्यायचं, त्याच दोराच्या शेवटानं चारी पाय एकत्र बांधून लाकडाच्या कैचीवर टेकवायचे. मालकानं शिंगं धरून मानेवर बसायचं, कारण बैलाला ओळखीचा वास लागतो. मला लोक विचारायचे, ताकद किती लागते? ताकद लागतच नाही. दोर चांगला लागतो.

बापानं मला दोन नियम शिकवले होते. पाडलेला बैल आठ पत्र्या झाल्याशिवाय उठवायचा नाही, आणि दुसऱ्या नालबंदानं अर्धा सोडलेला बैल आपण हातात घ्यायचा नाही. हा पहिला. दुसरा, पाडायचा दोर कधी कापायचा नाही. गाठ बसली तर सोडवत बसायचं, दिवस गेला तरी चालेल. "दोर कापला की ठिय्या उठला," असं बाप म्हणायचा. माझा दोर त्याच्याकडूनच आला होता, अंबाडीचा, वापरून वापरून लोण्यासारखा मऊ झालेला.

रस्त्याच्या कडेला बसलं की गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची येतात. दिघीकडून एकदा एक फौजी खेचर घेऊन आला. त्याचा नेहमीचा नालबंद सुट्टीवर होता. मी खेचर बांधायला गेलो तर म्हणाला, "बांधू नका, हा हुकूम मानतो." त्यानं खेचरासमोर ताठ उभं राहून कडक आवाजात हुकूम सोडला. खेचरानं तो ऐकून घेतला आणि माझी पाण्याची बादली रस्त्याच्या पलीकडं पाठवली. मग आम्ही ते बांधलं.

भाद्रपदी पोळ्याच्या आदल्या दिवशी एक म्हातारा शेतकरी त्याच्याइतकाच म्हातारा बैल घेऊन यायचा. बैल काम करत नव्हता, सडकेवर येत नव्हता, तरी दर पोळ्याला त्याला नव्या पत्र्या. मी म्हणालो, "बाबा, ह्याला कशाला? गोठ्यात तर बसून असतो." म्हातारा म्हणाला, "मिरवणुकीत बाकीच्यांचं पाय वाजत्यात. ह्येचं वाजलं न्हाईत तर त्याला वाटंल, आपुन मेलो." त्या बैलाला मी फार हळू खिळे मारायचो.

आणि मग सोपानतात्या.

सोपानतात्या मोशीचेच, नदीकडच्या मळ्यातले. थोडी जमीन, विहीर, आणि हौश्या-नवश्याची जोडी. जोडीवर ते पिंपरीच्या बांधकामांना विटा ओढायचे. माझ्या बापाचं गिऱ्हाईक मला वारशानं मिळालं होतं, भाता-ऐरणीसारखंच, आणि तितकंच जड. ठिय्यावर पाय ठेवायच्या आधी तक्रार सुरू.

"आरं नालबंदा, मागल्या खेपंची पत्री पडली की रं."

"तात्या, मागची खेप दिवाळीत झाली. आता होळी आली."

"तुज्या बाच्या हातची पत्री दोन होळ्या टिकायची."

माझा बाप जिवंत असताना हेच तात्या त्याला माझ्या आज्याचं नाव सांगायचे. त्यामुळं मी मनाला लावून घेत नव्हतो. पण एक खरं, हौश्याच्या मानेवर बसले की त्यांचं तोंड बंद व्हायचं. त्याच्या कानामागं खाजवत, डोळ्यांवर उपरणं धरून बसायचे. माणसाशी एवढं मऊ वागताना मी त्यांना पाहिलं नाही.

पुराच्या दिवशी मोशीत पाऊस नव्हता. दोन दिवस कोसळून सकाळी उघडलं होतं. पाऊस वर मावळात पडत होता, ते आम्हाला दिसत नव्हतं. नदी काठाला लागली होती, पण ती दर श्रावणात लागायची आणि आल्या वाटेनं परत जायची. तात्या हौश्याला घेऊन आले. ओल्या सडकेवर तो घसरत होता, उद्या विटांची गाडी होती. हौश्याला पाडला. तात्या मानेवर बसले. मी पुढचे दोन्ही पाय उरकले, मागचा डावा झाला. सहा पत्र्या झाल्या. मी अधूनमधून मान वर करून नदीकडं बघत होतो. नदी जागेवर होती.

पाणी मागनं आलं. नदी फुगली की ओढ्याचं पाणी नदीत जायचं थांबतं आणि नदीचं पाणी ओढ्यात उलटं शिरतं. रस्त्याकडून सगळं शांत दिसतं. माझ्या बुडाखालची माती गार झाली तेव्हा मला वाटलं, बैलानं धार सोडली. मागं वळलो तर भट्टीत पाणी जाऊन राखेचा तवंग तरंगत होता.

"तात्या, उठवायचा."

"दोन ऱ्हायल्यात की."

"राहू द्या. सोडतो."

बैलाचे पाय ज्या गाठीनं बांधतात ती कोरडी असताना एका हिसक्यात सुटते. पण अंबाडी भिजली की फुगते, आणि हौश्याला पाणी लागल्यावर तो झाडायला लागला होता. प्रत्येक झटक्याला गाठ आणखी घट्ट. मी बोटांनी ओढलं, खिळ्यानं उचकलं, दातानं धरलं. पाणी घोट्यापर्यंत आलं. आडव्या बैलाच्या नाकापर्यंत यायला घोट्याएवढंच पाणी पुरतं. तात्या हौश्याचं डोकं मांडीवर घेऊन वर धरून बसले होते.

"काप की!" तात्या ओरडले.

"सुटतीय, सुटतीय."

"आरं काप! सुरा हाय न्हवं त्यो!"

खूर तासायचा सुरा माझ्या हातापासून दोन विती लांब खांबात खोचलेला होता. मला तो दिसत होता. आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण दोर कापायचा हे माझ्या डोक्यातच येत नव्हतं. तात्या मला 'काप' म्हणत होते, ते मला 'ऐरण गीळ' म्हटल्यासारखं वाटत होतं. मी म्हणालो, "तात्या, दोर कापत नसतात." म्हणालो आणि परत गाठीला लागलो.

आमचं घर वरच्या अंगाला, उंचवट्यावर होतं. जैनब, माझी बायको, तिथून ओढ्याचं उलटं पाणी बघून पळत आली. आल्या आल्या तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा बैलाच्या तोंडाकडं. सुरा खांबातून उपसला आणि माझ्या बोटांच्या मधनं दोरावर चालवायला लागली.

"हात काडा," म्हणाली.

मी हात काढला नाही. तिनं परत सांगितलं नाही. माझ्या अंगठ्यावरचा व्रण त्या सुऱ्याचा आहे. चौथ्या की पाचव्या घावाला दोर तुटला.

हौश्या उठला तो कैची उडवूनच. सरळ सडकेवर चढला आणि चढाच्या दिशेनं पळत सुटला, तात्या मागं शेपटी धरून. तो सहा पत्र्यांचा बैल डांबरावरून जाताना पावलांचा आवाज वेडावाकडा येत होता. तीन पाय वाजत होते, एक मुका. तो आवाज मला पुढं बरेच दिवस ऐकू यायचा.

आम्ही भाता वाचवायला वळलो तर पाणी मांडीला लागलं होतं. जैनबनं माझा सदरा धरला आणि मला ओढून सडकेवर घेतलं. तिथून आम्ही उभ्यानं बघितलं. आधी पत्र्यांची पोती असलेली बाजू बसली. मग छप्पर खांबांवरून सुटलं, एकदा गोल फिरलं आणि कुणी बिऱ्हाड हलवावं तसं सावकाश नदीकडं निघालं. भाता त्याच्यामागं गेला. करंज तेवढा राहिला. जैनबच्या हातात सुरा होता आणि माझ्या हातात दोराचे दोन तुकडे.

मी तिला तिथंच म्हणालो, "बरं केलंस." मनापासून म्हणालो. तिचा विश्वास बसला नाही, हे मला नंतर कळलं.

पाणी उतरल्यावर गावातली पोरं, बाप्ये ऐरण शोधायला आले. नदीच्या काठानं पार पुढच्या गावापर्यंत पहारी खुपसत गेले. प्रत्येकाचं मत, पूर एवढा मोठा, ऐरण लांब गेली असणार. ऐरण जिथं होती तिथंच, वीतभर गाळाखाली बसून होती. तिच्यावर बसून आम्ही दोनदा विडी ओढली होती. हातोडा चाकणच्या लोहारानं दिला. पत्र्या पिंपाच्या पट्ट्यांच्या घडवता येतात. करंजाखाली ताडपत्री लावली की झोपडी झाली. सगळं उभं राहण्यासारखं होतं. दोर सोडून.

बापाच्या नियमाचा अर्थ मला तेव्हा समजला. मी तोवर तो शकुन-अपशकुनाचा समजत होतो. तुटलेला दोर जोडला की गाठ येते. बैलाच्या अंगावरून दोर सरकत सरकत आवळायला हवा. गाठ अडकते, एक वेढा आवळतो, दुसरा ढिला राहतो, आणि बैल बसायच्या ऐवजी कोसळतो. मी तुकडे पीळ उसवून एकमेकांत विणून बघितले. घरापुढं एका ओळखीच्याचा गोऱ्हा पाडून बघितला. तो खांद्यावर आदळला. लंगडत गेला, नशिबानं दोन दिवसांत नीट झाला. नवा दोर आणावा, तर नवा अंबाडीचा दोर काथ्यासारखा ताठ असतो. तो मऊ करायला वर्ष-दीड वर्ष रोज बैल पाडायला लागतात, आणि ताठ दोरानं रोज बैल पाडता येत नाहीत. बापाला त्याचा दोर आज्याकडून अर्धा मुरलेला मिळाला होता.

गावाला हे सगळं सांगत कोण बसणार? गावानं एवढंच धरलं की नालबंदाचा दोर बाईनं कापला आणि ठिय्या उठला. विहिरीवर, दळणाला, बायका बोलायच्या. तोंडावर नाही, पाठ वळली की ऐकू जाईल एवढ्या आवाजात. जैनब सडकेकडं यायची बंद झाली. रोज संध्याकाळी मी दोराचे तुकडे घेऊन विणत बसायचो, ती भाकरी थापता थापता बघायची. मला वाटायचं, मी दोर दुरुस्त करतोय. तिला वाटायचं, मी तिला दाखवतोय.

एकदा ती म्हणाली, "ते जाळून टाका एकदाचं."

"का?"

"बरं केलंस म्हनला व्हता न्हवं? मग रोज त्येचं मढं कशाला काडून बसताय?"

मी तुकडे उचलून माळ्यावर ठेवले. पण दुसऱ्या दिवशी परत काढले. दुसरं करायला काही नव्हतं.

जैनबचा भाऊ पिंपरीला मोटारी दुरुस्त करायचा. तो म्हणाला, नव्या कंपनीत माणसं घेतायत, लोखंडात हात बसलेला माणूस त्यांना हवाच आहे. मी त्याच्याबरोबर जाऊन आलो. फाटकाच्या आत एवढी मोठी छपरं होती की आमचा सगळा गाव आडवा झोपला असता. एका साहेबानं माझे तळहात बघितले आणि म्हणाला, दसरा झाला की या. नोकरी चांगली होती, पावसापाण्याची भीती नाही. मी घरी येऊन सांगितलं, दसऱ्यापर्यंत ठिय्या उभा राहिला तर राहिला, नाहीतर कंपनी. जैनबनं मान हलवली. ती खूश झाली नाही. मला वाटलं होतं होईल.

या सगळ्या दिवसांत सोपानतात्या एकदाही आले नाहीत. सगळी मोशी येऊन गेली, हे नाहीत. ज्याच्या बैलापायी माझा दोर गेला तो माणूस नुसता करंजाखाली येऊन 'काय रं' म्हणत नाही, याचा मला राग आला होता. मागून कळलं, ते हौश्याला घेऊन चाकणच्या नालबंदाकडं गेले होते. त्यानं खाली वाकून पाय बघितले आणि हात मागं घेतला. "सहा कुनी मारल्या? मग दोनबी त्यानंच मारायच्या." नियम सगळीकडं सारखाच होता. तात्यांची विटांची गाडी बंद पडली होती आणि माझा राग थोडा निवळला होता, कारण एकाच खड्ड्यात दोघं पडलो की बरं वाटतं. माणसाचा स्वभाव.

खंडेनवमीला आमच्या घरात हत्यारं धुऊन पुसून मांडायची रीत बापापासून होती. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, झेंडूचं फूल ठेवायचं, आणि दसऱ्याला सकाळी उचलायची. त्या वर्षी चटईवर ऐरण, मागून आणलेला हातोडा, आणि सुरा. दोराचे तुकडे मी ठेवत होतो तर जैनब म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. हत्यार हाय का ते आता?" तिचं बरोबर होतं.

दसऱ्याच्या सकाळी मी हत्यारं उचलून करंजाखाली नेली. कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं, रीत म्हणून. तेवढ्यात सडकेवरून तो आवाज आला. तीन पाय वाजणारे, एक मुका. सोपानतात्या हौश्याचा कासरा धरून येत होते आणि त्यांच्या खांद्यावर दोराचं वेटोळं होतं.

माझ्याजवळ थांबायच्या ऐवजी ते मला ओलांडून घराकडं चढले. मी मागोमाग गेलो. दारात उभं राहून त्यांनी हाक मारली, "वैनी, हाय का घरात?"

जैनब पदर सावरत दारात आली. तात्यांनी वेटोळं खांद्यावरून काढून तिच्यापुढं धरलं.

"घ्या."

"मला कशाला?"

"तुमी कापला, तुमीच घ्या. तुमी कापला म्हून माजा हौश्या हाय. ह्यो तुमचा मालक अजून गाठच सोडत बसला आसता."

जैनबनं दोर हातात घेतला. बोटांनी चाचपला आणि माझ्याकडं बघितलं. मी हात लावला. अंबाडीचा होता, नवाकोरा रंग, पण मऊ. माझ्या बापाच्या दोराएवढा नव्हे, पण वर्षभर वापरल्यासारखा.

"तात्या, हा मुरला कसा?"

"मोटंला लावला व्हता." ते दुसरीकडं बघत म्हणाले.

मग कळलं. पूर उतरल्या उतरल्या त्यांनी गावातल्या दोर वळणाऱ्याकडून दोर वळून घेतला होता. पावसानं उघडीप दिल्यावर कांद्याच्या रोपाला पाणी द्यायचं म्हणून मोट जुंपली आणि नेहमीच्या नाड्याच्या जागी हा दोर लावला. रोज सकाळ-संध्याकाळ तो चाकावरून वर-खाली, भिजला, वाळला, ताणला, ढिला पडला. आणि मोट ओढायला हौश्या, कारण मऊ मातीत त्याला सहा पत्र्या चालत होत्या. रोपाला पाणी जरा जास्तच झालं, निम्मं पिवळं पडलं, हे त्यांच्या कारभारणीनं पुढं कधीतरी सांगितलं. त्यांनी नाही सांगितलं.

"आदी यून सांगायचं तरी, तात्या."

"काय सांगायचं? ताठ दोर दावायला यायचं व्हय?" आणि लगेच, "चल, दोन ऱ्हायल्यात माज्या. किती दिस झालं! तुज्या बानं एवडा येळ कदी लावला नव्हता."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. तात्यांनी तिकडं लक्ष दिलं नाही, ते हौश्याला घेऊन करंजाकडं उतरायला लागले.

हौश्या जागा ओळखून बिचकला. मी दोर मानेत घातला, दोन वेढे घेतले आणि मागून ओढायला लागलो. दोर सरकला. कुठंही न अडकता, एकसारखा सरकला, आणि हौश्या गुडघे मोडून आपला आपण बसला. तात्या मानेवर बसून कानामागं खाजवायला लागले. मी मागचा उजवा पाय कैचीवर घेतला आणि सुऱ्यासाठी मागं हात केला. सुरा तिथं नव्हता.

जैनब सुरा घेऊन बैलाच्या पायांशी येऊन बसली होती. पुरानंतर पहिल्यांदाच ती सडकेवर आली होती, आणि गाड्या थांबवून लोक बघत होते.

"तुमचं तासून झालं की मला द्या," ती म्हणाली. "मी हितंच बसते. पानी आलं तर."

"ओढा कोरडा आहे, जैनब."

"त्या दिवशीबी तुमी नदीकडंच बगत व्हता."

सोपानतात्या हसले. त्यांना हसता येतं हे मला त्या दिवशी कळलं. हौश्या हलायला लागला तशी मी त्यांना दटावलं, आणि दोन पत्र्या मारून संपवल्या. आठ झाल्या. गाठ कोरडी होती, एका हिसक्यात सुटली. हौश्या उठून सडकेवर गेला तेव्हा चारी पाय वाजत होते. थोडं पुढं जाऊन तात्यांनी मागं वळून सांगितलं की डावीकडची पत्री ढिली वाटते.

कंपनीत मी गेलो नाही. म्हणजे तेव्हा गेलो नाही. पुढं बरीच वर्षं ठिय्या चालला. मग विटा ट्रकनं यायला लागल्या, कांदा ट्रकनं जायला लागला, रस्ता रुंद झाला आणि करंज तोडला गेला. ज्या डांबरानं धंदा दिला त्यानंच तो परत घेतला. मग मी एका कारखान्यात लोहारकामाला लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. त्या नोकरीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तिथं कुणी उठून पळत नव्हतं.

ठिय्या होता तोवर सुरा खांबाला दोरीनं टांगलेला असायचा, माझ्या हाताच्या अंतरावर. टांगला जैनबनं. दर बाजाराच्या दिवशी ती येऊन दगडावर त्याला धार लावायची, अंगठ्याच्या नखावर बघायची आणि परत टांगायची. बैल पाडण्याआधी मी दोर तपासायचो आणि सुरा जागेवर आहे का ते बघायचो. नंतर कधी तो दोर कापायची वेळ आली नाही. ठिय्या मोडला तेव्हा दोर सोपानतात्यांच्या मुलानं विहिरीला नेला आणि सुरा जैनबनं घरी आणून दाराच्या आत खिळ्याला लावला. मी विचारलं, आता कशाला? ती म्हणाली, ऱ्हाऊ द्या, कुनाला काय म्हाईत.

जैनब गेल्या वर्षी गेली. सुरा त्याच खिळ्याला आहे. बाजाराच्या दिवशी सकाळी मी तो उतरवतो, दगडावर धार लावतो, नखावर बघतो आणि परत टांगतो.